ग्रीक शिल्पं आणि आजचे सिद्धान्त : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलेच्या इतिहासाच्या वर्गात, आणि वर्ग सुटल्यावर चहाच्या टपरीवर, मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. प्रश्नांचं वजनच तसं आहे.

पुतळा बघायला सिद्धान्त कशाला हवा? डोळे आहेत की!

आहेत, पण कोरे नाहीत. ग्रीक पुतळा म्हटल्यावर मनात काय येतं? पांढराशुभ्र संगमरवर, शांत चेहरा, बांधेसूद उघडं शरीर. हे चित्र आपल्या डोक्यात कुणीतरी घातलेलं आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा योहान योआखिम विंकेलमान या जर्मन अभ्यासकाचा. ग्रीक कला म्हणजे उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता, असं त्याने 1755 साली लिहिलं आणि 1764 मध्ये प्राचीन कलेचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. गंमत अशी, की हा माणूस ग्रीसला कधी गेलाच नाही. रोममध्ये राहून त्याने जे पाहिलं त्यातलं बरंचसं रोमन काळातल्या प्रती होत्या. 1768 मध्ये त्रिएस्तच्या एका सराईमध्ये त्याचा खून झाला. तोवर त्याची नजर युरोपच्या कलाशाळांत मुक्कामाला गेली होती. तिथून ती बोटीने आपल्याकडे आली.

मी जिल्ह्याच्या गावात ज्या कला महाविद्यालयात शिकलो, तिथे 'अँटिक'च्या तासाला प्लास्टरचं डोकं समोर ठेवून छायाप्रकाश काढायचा असे. डोकी धुळीने काळवंडली की दिवाळीच्या सुट्टीत शिपाईमामा त्यांच्यावर पांढऱ्या डिस्टेंपरचा एक हात मारत. पंधरा-वीस दिवाळ्यांनंतर अपोलोच्या पापण्या बुजल्या होत्या आणि केसांच्या बटा कांदाभजीसारख्या दिसत होत्या. आम्ही तेच ग्रीक सौंदर्य म्हणून इमानेइतबारे काढलं. मार्कही चांगले पडले.

सिद्धान्त म्हणजे बघताना हट्टाने विचारत राहायचा एक प्रश्न, इतकं साधं धरून चाला. पैसे कुणी दिले? बघणार कोण होतं? कुणाला बघायची मुभा नव्हती? मी कसोटी एकच लावतो. सिद्धान्त वाचून झाल्यावर पुन्हा दगडाकडे गेलो आणि आधी न दिसलेलं काही दिसलं, तर सिद्धान्त कामाचा. नाहीतर ती नुसती शब्दांची आतषबाजी.

हे पुतळे खरंच रंगवलेले असत?

हो. यात आता शंका उरलेली नाही. अतिनील किरणं, तिरपा प्रकाश, रंगकणांची तपासणी अशा मार्गांनी रंग सापडतात. इजिप्शियन निळा तर ठरावीक प्रकाशात उजळून कॅमेऱ्यात दिसतो, डोळ्यांना त्याचा मागमूस नसला तरी.

एक उदाहरण जवळून बघू. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात फ्रासिक्लेइआ नावाच्या मुलीचा पुतळा आहे, इ.स.पू. 550 ते 540 च्या सुमाराचा, पॅरोस बेटाच्या अरिस्तिऑन या शिल्पकाराने घडवलेला. तो 1972 मध्ये अॅटिकातल्या मेरेंडा इथे जमिनीखाली खड्ड्यात सापडला. पुरलेला असल्यामुळे रंग बराच टिकला आहे. लाल पायघोळ वस्त्र, त्यावर फुलांची नक्षी, डोक्यावर कमळकळ्यांचा मुकुट. एका हाताने तिने वस्त्र किंचित उचललंय आणि दुसऱ्या हातात छातीपाशी एक कळी धरली आहे, न उमललेली. चौथऱ्यावरचा लेख तीच बोलते आहे असा: मला कायम कुमारिकाच म्हणतील, लग्नाऐवजी देवांनी माझ्या वाट्याला हे नाव दिलं.

आता हे वाचून पुन्हा कळीकडे बघा. रंगाशिवाय, लेखाशिवाय ही 'प्राचीन शैलीतील स्त्री-आकृती' आहे. रंगासकट ती लग्नाच्या वयात वारलेली, नटवून उभी केलेली एक मुलगी आहे.

सिद्धान्ताचा संबंध पुढे येतो. रंग होते हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं. तरी पांढऱ्याचा मोह सुटला नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये 1937-38 साली अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांना 'अधिक पांढरं' करण्यासाठी तांब्याच्या अवजारांनी आणि कार्बोरंडम या खरखरीत पदार्थाने खरवडलं गेलं. देणगी देणाऱ्या धनिकाला ती तशी हवी होती. पांढरा दगड आणि गोरी कातडी यांची सांगड युरोपात कधी नि कशी घातली गेली, हा वंशविषयक अभ्यासाचा प्रश्न इथून सुरू होतो. 1938 मध्ये हिटलरने रोमच्या लान्सेलॉत्ती घराण्याकडचा थाळीफेक्याचा पुतळा पन्नास लाख लिऱ्यांना विकत घेऊन म्युनिकमध्ये मांडला, तो 1948 मध्ये इटलीला परत गेला. त्याच म्युनिकमध्ये 2003 साली रंगीत प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं आणि मग ते देशोदेशी फिरलं.

त्या रंगीत प्रतिकृती मला स्वतःला जरा भडक वाटतात. प्लास्टरवर सपाट रंग दिला की असंच होणार. संगमरवरावर पातळ थर, वरून मेणाचा हात, आतून येणारी दगडाची झाक, हे प्लास्टर देऊ शकत नाही. गणपतीच्या कारखान्यात एकदा गेलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. तीच मूर्ती, तेच रंग, पण शेवटी डोळ्यांची आखणी कोण करतो यावर सगळं.

स्त्रीवादी वाचन म्हणजे नेमकं काय करायचं?

क्निडोसच्या अ‍ॅफ्रोडाइटीपासून सुरुवात करा. ती ग्रीकांची प्रेमाची देवी, आणि क्निडोस या ग्रीक शहरातला तिचा पुतळा प्राक्सिटेलीस या शिल्पकाराने इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला घडवला. मूळ पुतळा नाहीसा झाला, आपल्याकडे आहेत त्या रोमन प्रती. त्यातली एक प्रसिद्ध प्रत व्हॅटिकनमध्ये आहे, आणि तिच्या कमरेखाली 1932 पर्यंत पत्र्याचं वस्त्र चढवलेलं होतं!

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. तरुण पुरुषांचे उभे नग्न पुतळे ग्रीकांनी इ.स.पू. सातव्या शतकापासून घडवले. बाईचा, तोही देवीचा, माणसाएवढा किंवा त्याहून मोठा नग्न पुतळा यायला जवळजवळ अडीच-तीनशे वर्षं जावी लागली. म्हणजे 'ग्रीकांना मानवी शरीर आवडायचं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. कुणाचं शरीर, ते विचारायला हवं.

रोमन लेखक प्लिनी सांगतो की प्राक्सिटेलीसने दोन अ‍ॅफ्रोडाइटी विकायला ठेवल्या होत्या, एक वस्त्र नेसलेली, एक नग्न. कोस बेटाच्या लोकांनी सोज्वळ म्हणून पहिली घेतली. उरलेली क्निडोसवाल्यांनी घेतली आणि त्यांचं नशीब उघडलं. लोक जहाजं करून ती बघायला येऊ लागले. निकोमिडीझ राजाने गावाचं सगळं कर्ज फेडतो, पुतळा द्या, असं सांगितलं. गावाने कर्ज ठेवलं, पुतळा दिला नाही.

आता पुतळ्याकडे या. देवी स्नानाच्या तयारीत आहे. एका हातात वस्त्र, ते शेजारच्या घड्यावर टेकतंय. दुसरा हात मांड्यांमध्ये. हा हात झाकतो की दाखवतो? पुरुष पुतळ्यांचे हात भाला पेलतात, थाळी फेकतात, नुसते सैल सोडलेले असतात. त्यांना झाकायला काही नसतं, कारण त्यांना कुणी चोरून बघत नसतं. या हातामुळे मात्र समोर कुणीतरी अचानक आलंय अशी गोष्ट तयार होते, आणि तो अचानक आलेला माणूस म्हणजे आपण. एका हालचालीने शिल्पकार बघणाऱ्याला शिल्पात ओढतो आणि चोरही ठरवतो. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी 1975 मध्ये सिनेमाबद्दल 'पुरुषी नजर' ही कल्पना मांडली. ती इथे जशीच्या तशी चिकटवू नये, पण या हाताकडे बघायला तिने शिकवलं हे मान्य करायला हवं.

प्राचीन काळातच एक किस्सा फिरत होता. एक तरुण रात्री देवळात लपून राहिला, सकाळी पुतळ्याच्या मांडीवर डाग होता, आणि त्या तरुणाने पुढे जीव दिला. संगमरवरात नैसर्गिक डाग असू शकतो. लोकांनी त्याभोवती ही गोष्ट विणली, हे मला जास्त बोलकं वाटतं. ही गोष्ट सांगणारी देवळातली सेविका आहे, म्हणजे एक बाई, आणि ऐकणारे सगळे पुरुष प्रवासी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ही देवी आहे, आणि ग्रीक कथांमध्ये देवीला नग्न बघणारा सुखरूप घरी जात नाही. आर्टेमिसला स्नान करताना पाहणाऱ्या अॅक्टिऑनला त्याच्याच कुत्र्यांनी फाडलं. म्हणजे क्निडोसला गेलेल्या भक्ताच्या नजरेत भीतीही मिसळलेली असणार. शिवाय देवळात बायकाही जात. त्या काय बघत होत्या? त्यांनी लिहून ठेवलेलं आपल्यापर्यंत पोचलं नाही. स्त्रीवादी अभ्यासकांमध्येच यावर दोन तट आहेत, आणि तसंच असायला हवं.

पुरुषांचे पुतळे नागडे का? हा समलिंगी प्रेमाचा पुरावा मानायचा का?

सरसकट नाही. नग्नता हा अथेन्सच्या नागरिकाचा एक प्रकारे गणवेश होता. व्यायामशाळेत तो तसाच वावरे. शिल्पांत आणि भांड्यांवर पर्शियन माणूस ओळखायचा तो त्याच्या विजारीवरून. कपडे घालणारा तो परका, असा उलटा हिशेब होता.

पण अथेन्सच्या चौकात एकेकाळी उभं असलेलं एक जोडशिल्प असं आहे, की त्यात प्रेम आणि राजकारण वेगळं करताच येत नाही. हार्मोडिऑस आणि अरिस्टोगीटॉन. एक बिनदाढीचा तरुण, एक दाढीवाला थोरला, दोघं प्रियकर. त्यांनी इ.स.पू. 514 मध्ये हिप्पार्कसला मारलं. तो हुकूमशहा हिप्पियसचा भाऊ. पुढे लोकशाहीने त्यांना आपले वीर मानून पुतळे उभारले. पर्शियाच्या झर्क्सिसने इ.स.पू. 480 मध्ये ते उचलून नेले, तर तीन-चार वर्षांत क्रिटिऑस आणि नेसिओटीस यांच्याकडून नवे करून घेतले, इतकी घाई. आज नेपल्समध्ये त्यांची रोमन प्रत आहे.

इतिहासकार थुसिडिडीझ मात्र लोकांच्या या श्रद्धेला टाचणी लावतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हिप्पार्कस हार्मोडिऑसच्या मागे लागला होता. नकार मिळाल्यावर त्याने हार्मोडिऑसच्या बहिणीला मिरवणुकीत टोपली घेऊन चालायला बोलावलं आणि ऐन वेळी 'तू लायक नाहीस' म्हणून घालवून दिलं. त्या अपमानाचा हा सूड. हुकूमशाही तर त्यानंतरही चार वर्षं चालली.

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली: 'समलिंगी' आणि 'भिन्नलिंगी' अशी माणसांची वर्गवारी ग्रीकांकडे नव्हती. त्यांच्याकडे वय, दर्जा आणि भूमिका यांचे नियम होते. थोरला पाठीमागे लागतो, धाकट्याने मान राखून वागायचं. हे लक्षात ठेवून जोडशिल्प बघितलं तर दिसतं, की दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. दोघंही समोरच्या, शिल्पात नसलेल्या माणसावर चालून जातायत. चौकातून चालणारा अथेन्सकर त्यांच्या वाटेत येतो. आणि हो, बहिणीचा पुतळा कुणी केला नाही.

विचारायला लाज वाटते, पण पुतळ्यांची लिंगं एवढी लहान का?

लाजू नका, दर वर्षी कुणीतरी विचारतंच. ग्रीकांच्या लेखी लहान लिंग हे संयमाचं, चांगल्या वळणाचं लक्षण होतं. मोठं असतं ते सॅटरला, म्हणजे अर्ध्या पशूला, दारुड्याला, हसण्यावारी न्यायच्या प्राण्याला. शरीराच्या आकारालाही समाज अर्थ देतो हे शिकवायला याहून झटपट उदाहरण माझ्याकडे नाही.

मार्क्सवादी दृष्टीने शिल्पात बघण्यासारखं काय असतं? ती तर कारखान्यांसाठी आहे.

माझा हा सर्वांत आवडता भाग आहे, कारण इथे पावत्या आहेत.

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या एरेक्थिऑन मंदिराचा बांधकाम-हिशेब दगडावर कोरलेला सापडला आहे, इ.स.पू. 409 ते 406 च्या दरम्यानचा. मंदिराच्या शिल्पपट्टीत गडद दगडावर पांढऱ्या संगमरवराच्या आकृती बसवल्या होत्या. त्या आकृतींचा हिशेब असा: चिलखताशेजारचा तरुण, 60 ड्राक्मा (ग्रीकांचं चांदीचं नाणं). घोडा आणि त्याच्या मागून दिसणारा, त्याला मारणारा माणूस, 120. रथ, तरुण आणि जुंपायचे दोन घोडे, 240. म्हणजे नगाला 60, मग नग माणूस असो की घोडा.

एकदा हा दर कळला की त्या पट्टीचे तुकडे बघताना आकृती मोजायची सवयच लागते. 'प्रेरणा', 'प्रतिभा' हे शब्द हिशेबात कुठे नाहीत. प्रत्येक नोंदीत कारागिराचं नाव मात्र आहे. त्यातले काही 'अमुक वाड्याचे', म्हणजे नागरिक. काही 'अमुक ठिकाणी राहणारे', म्हणजे बाहेरून येऊन वसलेले, मेटिक, ज्यांना अथेन्समध्ये स्वतःची जमीन घेता येत नसे. आकृतीचा दर दोघांना सारखाच. खांबांवर उभ्या खाचा काढणाऱ्या टोळ्यांत तर नागरिक, मेटिक आणि गुलाम शेजारी शेजारी बसून रोज एक ड्राक्मा कमावत. गुलामाचा ड्राक्मा कुणाच्या खिशात जात असेल ते सांगायला नको.

दुसरा हिशेब त्याहून मोठा. फिडियस या शिल्पकाराने पार्थेनॉनमध्ये सोन्या-हस्तिदंताची अथेना उभी केली, इ.स.पू. 438 मध्ये ती अर्पण झाली. थुसिडिडीझच्या नोंदीप्रमाणे तिच्या अंगावर 40 टॅलंट शुद्ध सोनं होतं, आजच्या मापाने हजार किलोंच्या आसपास, आणि ते सगळं काढता येईल असं बसवलेलं. युद्धात लागलं तर वापरा, पण नंतर तेवढंच परत चढवा, असं अथेन्सचा नेता पेरिक्लीझ याने लोकांना सांगितलं. देवीच्या अंगावरचं सोनं म्हणजे शहराची तिजोरी. भक्ती खोटी होती असा याचा अर्थ नाही. अडीअडचणीला मोडता येणारं सोनं अंगावर बाळगणं आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं, त्यांच्या भक्तीवर कुणी शंका घेत नाही.

वसाहतोत्तर वाचन म्हणजे 'एल्गिनने चोरलं' एवढंच ना?

तो एक भाग. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी 1801 पासून पार्थेनॉनची शिल्पं उतरवली, तेव्हा अथेन्स ऑटोमन सत्तेखाली होतं. 1816 मध्ये ब्रिटिश संसदेने ती 35,000 पौंडांना घेतली. 2009 मध्ये उघडलेल्या नव्या अक्रोपोलिस म्युझियममध्ये उरलेल्या मूळ शिल्पांच्या रांगेत लंडनमधल्या भागांच्या प्लास्टरच्या प्रती बसवल्या आहेत. मूळ दगड मधाच्या रंगाचा, प्लास्टर पांढरं. वाद समजावून सांगायला मार्गदर्शकाची गरज पडत नाही.

दुसरा भाग शिल्पांच्या आतला. पार्थेनॉनच्या बाहेरच्या चौकटींत चार युद्धं आहेत: देव विरुद्ध राक्षस, लॅपिथ नावाची माणसं विरुद्ध अर्धे घोडे असलेले सेंटॉर, ग्रीक विरुद्ध अॅमेझॉन आणि ट्रॉयची लढाई. पर्शियनांनी शहर जाळलं त्याला तेव्हा पुरती चार दशकंही झाली नव्हती, तरी इथे पर्शियन सरळ कुठेच नाहीत. त्यांच्या जागी अर्धे घोडे आणि लढणाऱ्या बायका आहेत. परक्याचं चित्र रंगवायला पशू आणि स्त्री हेच साचे हाताशी असावेत, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. पण शिल्पकाराला एवढं सरळ धरू नका. दक्षिणेकडच्या काही चौकटींत सेंटॉर जिंकतोय आणि मेलेल्या तरुणावरून उड्या मारतोय. शत्रूला तुच्छ दाखवायचं असतं तर एवढा डौल कशाला दिला असता?

तिसरा भाग आपला आहे. मुंबईत 1857 मध्ये सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून हात बसवू लागले. तिथल्याच गणपतराव म्हात्र्यांनी 1896 मध्ये 'मंदिरपथगामिनी' घडवली. नऊवारीच्या चुण्या अंगाला बिलगलेल्या, खाली शरीराचा तोल स्पष्ट. ही ग्रीक वळणाची नक्कल म्हणायची, की साहेबाचं हत्यार घेऊन आपल्या बाईला दिलेली जागा? मी दुसऱ्या बाजूला झुकतो, कारण ती बघणाऱ्यासाठी थांबलेली नाही, ती देवळाकडे निघाली आहे.

त्याच सुमारास युरोपीय अभ्यासक गांधार शैलीतल्या बुद्धमूर्तीचं श्रेय ग्रीक हातांना देत होते. बुद्धाची मूर्ती यक्षमूर्तींच्या देशी परंपरेतून, मथुरेकडून आली, असं उत्तर कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींनी 1927 मध्ये दिलं. 'ग्रीक' हा शब्द त्या काळी प्रशस्तिपत्रासारखा वापरला जाई, हे या वादातून कळतं. पण व्यवहारात ग्रीक इथे यायचे-जायचे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं कोरलेली आहेत. आणि कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ब्राँझचा छोटासा पोसायडन सापडला, तो टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्राचा देव घाट चढून कोल्हापुरात कसा पोचला, आणि तिथल्या घरात त्याला कोण म्हणून ठेवलं असेल? हा प्रश्न मला कुठल्याही थोर सिद्धान्तापेक्षा जास्त छळतो.

आपण बघतो त्या रोमन प्रती असतील तर 'मूळ' कशाला म्हणायचं?

चांगला प्रश्न, आणि सोपं उत्तर नसलेला. पॉलिक्लिटस या ग्रीक शिल्पकाराचा भालाधारी मूळचा ब्राँझचा. नेपल्समध्ये आहे तो पाँपेईत सापडलेला संगमरवरी. ब्राँझ पोकळ आणि मजबूत, दोन घोट्यांवर उभं राहतं. संगमरवर मोडेल, म्हणून प्रत करणाऱ्याने पायाशी झाडाचा बुंधा घातला. मूळ पुतळ्याला बुंधा नव्हता. त्या बुंध्यावर 'निसर्ग आणि मानव' असा निबंध लिहिलेला मी तपासला आहे, मार्क कापताना जीवावर आलं.

ब्राँझ वितळवता येतं, म्हणून ते फार थोडं उरलं. जे उरलं ते बहुधा समुद्राने राखलं. 1972 मध्ये इटलीच्या रिआचेजवळ पाण्यात सापडलेल्या दोन योद्ध्यांचे ओठ तांब्याचे आहेत आणि एकाचे दात चांदीचे. विंकेलमानच्या 'शांत भव्यते'त चांदीचे दात बसत नाहीत.

प्रतींचा इतिहासही वाचण्यासारखा असतो. रोमन सम्राट हेड्रियनच्या वाड्यात 1791 मध्ये मिळालेल्या, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या थाळीफेक्याला दुसऱ्याच पुतळ्याचं डोकं बसवलं, तेही चुकीच्या दिशेला. खरा थाळीफेक्या मागे थाळीकडे बघतो. हा नाही.

तुटलेले पुतळे इतके सुंदर का वाटतात?

मिलोसची व्हीनस 1820 मध्ये सापडली. लूव्रमध्ये आल्यावर तिच्या चौथऱ्याचा शिल्पकाराचं नाव असलेला तुकडा गायब झाला. त्यावरून ती अभिजात काळाच्या बऱ्याच नंतरची ठरत होती आणि फ्रेंचांना ते सोयीचं नव्हतं. हात मात्र तिला कुणी बसवले नाहीत, आणि आता बसवले तर दंगा होईल.

विकलांगतेचा अभ्यास करणारे इथे एक अडचणीचा प्रश्न विचारतात. हात नसलेली संगमरवरी बाई सौंदर्याचा मापदंड, मग हात नसलेली जिवंत बाई दिसली की आपण नजर का वळवतो? 2005 मध्ये लंडनच्या ट्रफाल्गार चौकात जन्मतः हात नसलेल्या एका गर्भवती चित्रकर्तीचा भला मोठा पांढरा संगमरवरी पुतळा उभा केला तेव्हा झालेला गदारोळ याच प्रश्नाचा होता.

हे सगळं आजचे विचार जुन्या लोकांवर लादणं नाही का?

कधी कधी असतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1922 मध्ये मेड्यूसाच्या, म्हणजे सापांचे केस असलेल्या गॉर्गन राक्षसिणीच्या, डोक्याचा अर्थ लावला: पुरुषाला वाटणारी लिंगच्छेदाची भीती. वाचायला चटकदार. आता हे घेऊन कॉर्फूच्या आर्टेमिस मंदिरासमोर जा, इ.स.पू. 580 च्या सुमाराचं. त्रिकोणी दर्शनी भागाच्या मधोमध अवाढव्य गॉर्गन गुडघे दुमडून धावते आहे, कमरेला सापांचा पट्टा. आणि तिच्या दोन बाजूंना तिची मुलं आहेत, पेगॅसस आणि क्रिसाऑर. कथेत ती मुलं तिचं डोकं उडवल्यावर जन्मतात. इथे डोकं जागेवर आहे आणि मुलंही आहेत. फ्रॉइडच्या वाचनात या आईला जागाच नाही. तो फक्त डोक्याबद्दल बोलतो, दगडात सबंध बाई आहे. माझ्या लेखी हा सिद्धान्त इथे नापास. दुसऱ्या एखाद्या शिल्पापुढे पास होईलही.

लादणं टाळायचा उपाय म्हणजे सिद्धान्त न वापरणं, असं काही लोक म्हणतात. मग विंकेलमान आपोआप आत येऊन बसतो. तो हाकलायला कठीण, कारण तो सिद्धान्त आहे हेच विसरायला होतं.

सुरुवात कुठून करू? पुस्तकं प्रचंड आहेत.

पुस्तकं थोडी लांब ठेवा. एकच शिल्प घ्या. मी नवख्यांना हेगेसोची समाधीशिळा देतो, अथेन्सच्या केरामेकोस दफनभूमीतली, इ.स.पू. 410 ते 400 च्या सुमाराची. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या संकेतस्थळावर छायाचित्र सहज मिळतं. मोठं करून बघा आणि तासभर फक्त हातांवर लिहा.

खुर्चीवर बसलेली बाई, पाय चौरंगावर. वर नाव कोरलंय: हेगेसो, प्रॉक्सेनॉसची. बापाचं नाव आहे, आईचं नाही. समोर लांब बाह्यांचा साधा झगा घातलेली मुलगी उभी आहे, बहुधा दासी, तिच्या हातात दागिन्यांची पेटी. तिचं नाव कुठेच नाही. हेगेसोने पेटीतून काहीतरी उचलून बोटांच्या चिमटीत धरलंय आणि दोघी त्याच्याकडे बघतायत. तुम्हीही बघा. चिमटीत काही नाही. दागिना कोरलेला नव्हता, रंगवलेला होता, आणि रंग गेला.

आता वरचे प्रश्न एकेक करून विचारत चला. रंगाचा, नजरेचा, पैशाचा, नावाचा. दोन पानं झाली की मला दाखवा.